फौजदाराच्या पोटातली कात्री

१

"ही माझी कात्री नाही," वहिनी म्हणाल्या, आणि आत्याच्या हातातली चहाची बशी तोंडापर्यंत येता येता थांबली.

वहिनी म्हणजे गावभरच्या सुईणबाई. रीतसर नर्सिंग शिकलेल्या, परवाना भिंतीवर चौकटीत लावलेला, आणि गावातली अर्धीअधिक माणसं त्यांच्या हातावर पहिल्यांदा रडलेली. आत्या म्हणजे त्यांची नणंद. तिनं सगळी नोकरी स्टेशनवरच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीत केली होती. 'छत्री माझीच' असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आणि छत्री खरंच ज्याची आहे तो माणूस, यांच्यातला फरक तिला त्यांच्या नुसत्या उभं राहण्यावरून कळायचा. निवृत्त झाल्यापासून ही विद्या गंजत पडली होती. त्यामुळे वहिनींचा पांढराफटक चेहरा पाहून तिला वाईट वाटलं हे खरं, पण मनात आनंदाची एक बारीकशी उकळी फुटली, हेही खरंच.

शेगडीवर फौजदार निवत होता. फौजदार म्हणजे वहिनींचा ऑटोक्लेव्ह. जाडजूड भांडं, त्याहून जाड झाकण, झाकणाच्या कडेनं स्क्रू, वर दाबाचा काटा आणि वाफेची तोटी. कुकरचा थोरला भाऊच म्हणा ना. बाळंतपणाची हत्यारं धुऊन पुसून कापडात बांधायची, त्याच्या पोटात ठेवायची, आधी तोटीतून आतली सगळी हवा हाकलू द्यायची, मग तोटी बंद करून काटा चढू द्यायचा. तो एकदा फुसफुसायला लागला की शेगडीजवळ कोणी फिरकायचं नाही, असा घरचा कायदा होता. म्हणून वहिनींच्या लेकीनं लहानपणीच त्याचं नाव फौजदार ठेवलं होतं.

आज त्याच्या पोटातून सगळी पुडकी नीट वाळून बाहेर आली होती. प्रत्येकावरच्या चिकटपट्टीच्या फिक्या रेघा वाफ लागून काळ्या झाल्या होत्या. वहिनींची सवय अशी, की कपाटात ठेवण्याआधी प्रत्येक पुडकं न उघडता बोटांनी चाचपायचं. कात्रीच्या पुडक्यापाशी बोटं अडखळली. त्यांनी ते उघडलं. आत नाळ कापायची, बाकदार चोचीची, त्यांच्या गुरुबाईंनी दिलेली कात्री नव्हतीच. होती ती ह्याच स्वयंपाकघरातली, पिशव्या आणि सुतळ्या कापायची कात्री.

"दुसरी कात्री आहे ना तुमच्याकडे?" आत्यानं विचारलं.

"कात्रीचं काय घेऊन बसलात, वन्सं! माझ्या पुडक्यात कोणाचा तरी हात गेला. एकात गेला, मग बाकीच्यांत कशावरून गेला नसेल?" वहिनी खुर्चीवर टेकल्या. त्या इतक्या बुटक्या होत्या की पाय जमिनीपासून वरच राहिले. "माझ्या गुरुबाईंचा एकच नियम होता. संशय आला की हात मागे. लेकीचे दिवस भरलेत, आज-उद्यात कळा येतील. ह्या घरातलं एकही पुडकं मी तिच्याजवळ नेणार नाही. दवाखान्यातल्या सिस्टरला निरोप धाडते, ती करील हे बाळंतपण."

दारात वहिनींची लेक उभी होती. माहेरी आलेली, टम्म पोटाची, एक हात कमरेवर.

"आणि त्याच्यापुढची सगळीसुद्धा सिस्टरच करील," वहिनी म्हणाल्या. "स्वतःच्या घरात ज्या बाईला चार पुडकी सांभाळता येत नाहीत, तिनं दुसऱ्यांच्या लेकीसुनांना हात लावू नये. मी हे काम सोडलं."

"सोडलं?" लेक दचकून म्हणाली. "म्हणजे कायमचं?"

"कायमचं."

आत्यानं बशी खाली ठेवली. वहिनींनी काम सोडायचं म्हणजे फौजदारानं गाणं शिकण्यासारखं होतं. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "वहिनी, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. तुमच्या पुडक्यात हात कोणाचा गेला, ते मी सांगते. मग काम सोडायचं का फौजदार फोडायचा, ते तुम्ही ठरवा."

२

आत्यानं ती कात्री खिडकीपाशी उजेडात नेली. खिडकीवरच्या नोकरीनं तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती: माणसाला काही विचारण्याआधी वस्तूला विचारावं. वस्तूला लाज नसते.

ही कात्री काल संध्याकाळपर्यंत चिकट होती. पात्यांवर डिंकाचे डाग होते, कारण आत्यानंच त्या कात्रीनं पाकिटं कापली होती. आज ती लख्ख होती. कोणीतरी तिला ब्रशनं सांध्यापर्यंत घासलं होतं. पाती उघडी ठेवून, टोकांना गॉजची छोटी टोपी घालून ती कापडात ठेवली होती. कापडाची घडी चारी कोपऱ्यांनी चापूनचोपून. चिकटपट्टीचं टोक दुमडून त्याचा बारीकसा कान केला होता, म्हणजे हातमोजे घातलेल्या बोटांना तो धरता यावा. फक्त पात्यांमधला स्क्रू सैल होता. कात्री हलवली की खुळखुळायची, ती आजही खुळखुळत होती.

"वहिनी, हिची पाती अशी उघडी का ठेवतात?"

"मिटलेली ठेवली तर सांध्यात वाफ जात नाही. वाफ पोचली नाही तिथं काही मरत नाही," वहिनी भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"आणि हे वाफ पोचल्याचं कळतं कशावरून? ह्या काळ्या रेघांवरून?"

"रेघा नुसत्या बाहेरचं सांगतात. आतलं कळायला एक कागदाची पट्टी पुडक्यात घालायची असते. मी ती मधल्या पुडक्यात घालते, जिथं वाफ सगळ्यात शेवटी पोचते. कात्रीच्या पुडक्यात नाही घालत."

आत्यानं पाहिलं. कात्रीच्या पुडक्यात कागद नव्हताच.

मग वेळेचा हिशेब. तो सोपा होता. सकाळी वहिनींनी हत्यारं बांधून पुडकी टेबलावर मांडली, वर स्वच्छ पंचा झाकला, आणि पलीकडच्या गल्लीतल्या बाळंतिणीला बघून आल्या. आल्या आल्या पुडकी फौजदारात भरली, शेगडी पेटवली आणि मग तिथून हलल्या नाहीत. म्हणजे हात गेला तो त्या बाहेर असताना. आत्या तेव्हा बाजारात होती. 'गावात काही घडायचं झालं की मी नेमकी भाजी निवडत असते,' ती स्वतःशीच करवादली.

घरात त्या वेळी होते चौघे. वहिनींचे यजमान, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, दादा. त्याचं घड्याळं दुरुस्तीचं टेबल पुढच्या खोलीत. वहिनींची लेक, म्हणजे आत्याची भाची. जावईबापू, बाळंतपणासाठी रजा काढून आलेले. आणि शिष्यीण सिस्टर, उसनं नेलेलं गॉज परत द्यायला आलेली. त्याशिवाय खालच्या सलूनचा मालक चहाची किटली मागायला वर येऊन गेला होता.

"वहिनी, एक सांगा. गुरुबाईंचा तो नियम कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"घरातल्या सगळ्यांना. आणि सिस्टरला."

"म्हणजे तुमचा हात मागे घ्यायला लावायचा असेल, तर एक पुडकं बदललं की काम झालं," आत्या हळूच म्हणाली. "वहिनी, ही चोरी कात्रीसाठी झालेलीच नाही."

३

सलूनवाल्यानं आत्याला जिन्यावरून उतरताना पाहिलं आणि त्याच्या हातातला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला. चोराच्या मनात चांदणं. आत्या बाकावर बसली आणि काहीच बोलली नाही. खिडकीवरची ही तिची जुनी खुबी होती. गप्प बसलं की समोरचा आपणहून सांडतो.

"सांगतो, आत्याबाई," गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला. "पण सुईणबाईंना सांगू नका. माझं दुकान बंद पाडतील."

"सांग."

"मागं एकदा त्या बाहेर गेल्या होत्या, तेव्हा मी माझे चार कंगवे त्या फौजदारात ठेवले. पुडक्यांच्या खाली. म्हटलं, दुकानावर पाटी लावावी, 'इथले कंगवे दवाखान्यासारखे शुद्ध'. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, जाळीला हे हिरवं काय चिकटलंय? मी म्हटलं, शेवाळ असेल."

आत्याला हसू आवरेना. ते हिरवं शेवाळ खरवडताना वहिनींनी आठवडाभर पाण्याला शिव्या दिल्या होत्या.

"आणि आज?"

"आज नुसती किटली नेली. शपथ."

बोलता बोलता त्यानं हातातली कात्री मिटवून खिशात टाकली. मग दुसरी उचलली, दोन केस कापले, मिटवून फळीवर ठेवली. आत्या बघत राहिली. त्याच्या दुकानात एकही कात्री उघडी पडलेली नव्हती. ह्या माणसानं झोपेत जरी पुडकं बांधलं असतं तरी कात्री मिटवूनच बांधली असती. कंगवे वितळवणाऱ्याला वाफेचं शास्त्र कुठून ठाऊक असणार?

जावईबापू बाळंतपणाच्या खोलीत सापडले. खोली दोन दिवसांपासून तयार होती. पलंगावर धुतलेली चादर, पायथ्याशी वहिनींचं हत्यारांचं टेबल, खिडकीला नवा पडदा, कोपऱ्यात भाचीनं भरलेली बाळाच्या कपड्यांची पिशवी तिवईवर. पलंगाच्या उशाशी एक खुर्ची होती आणि खुर्चीपुढे स्वयंपाकघरातला बुटका पाट. जावईबापू ती खुर्ची उगाचच पुसत होते. हा सहा फुटी माणूस घाटातून मालाचे ट्रक हाकायचा, पण सुई दिसली की त्याची पाचावर धारण बसायची.

"जावईबापू, सासूबाईंच्या हातून बाळंतपण होऊ नये असं तुम्हाला वाटतं ना?"

ते मटकन त्याच खुर्चीवर बसले. गुडघे पार छातीशी आले, तेव्हा त्यांनी पाट पायानं बाजूला सरकवला. "आत्या, माझा त्यांच्यावर विश्वास नाही असं नाही हो. पण घरात काही झालं तर? म्हणून मी गुपचूप गाडी ठरवून ठेवलीय. कोपऱ्यावर उभी असते, रात्रंदिवस. ड्रायव्हर गाडीतच झोपतो. माझा मित्र आहे."

"तो पांढऱ्या गाडीतला? दादा त्याला दोन दिवस चोर समजतोय!"

"त्याला रोज जेवण नेऊन देतो मी," जावईबापू ओशाळून म्हणाले. "पण पुडक्याला हात नाही लावला. त्या चिमट्यांकडे बघितलं तरी मला घेरी येते. म्हणून तर सासूबाईंनी मला ताकीद दिलीय, की त्या वेळी ह्या खोलीच्या आसपास दिसायचं नाही."

"मग ही खुर्ची कोणासाठी?"

"कोण जाणे. हिनं सांगितलं, इथे आणून ठेव, आणली. पाट पण ठेव म्हणाली, ठेवला. बाळंतीण होणाऱ्या बाईशी वाद घालायचा नाही, एवढं मला कळतं."

आत्या खोलीतून बाहेर पडली, पण दारात थबकून तिनं पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं. काहीतरी खुपत होतं. काय ते तिला सांगता येईना.

४

सिस्टर निरोप मिळताच धावत आली होती आणि स्वयंपाकघरात रडत उभी होती. वहिनींनी स्वतः शिकवून तयार केलेली ही मुलगी आता गावच्या दवाखान्यात सुईणीचं काम बघायची. हुशार, चटपटीत, आणि बाईंचं नाव निघालं की कान धरणारी.

"सगळे म्हणतील, बाईंची कामं मिळावीत म्हणून हिनंच केलं," ती हुंदके देत म्हणाली.

"सगळे म्हणजे कोण? अजून कोणी काही म्हणालेलं नाही," आत्या म्हणाली. "डोळे पूस आणि मला एक पुडकं बांधून दाखव बघू."

सिस्टरनं नाक पुसलं, हात धुतले आणि समोरचा चमचा कापडात ठेवला. मग नकळत तिचा हात खिशात गेला. तिनं कागदाची एक पट्टी काढली, चमच्याशेजारी ठेवली, आणि मगच कापडाची घडी घातली.

"ही पट्टी प्रत्येक पुडक्यात घालतेस?"

"प्रत्येक. बाई म्हणतात, मधल्या एकात पुरे. पण ती नसली की मला जेवण जात नाही. त्यावरून बाई मला चिडवतातसुद्धा."

"चमच्यातही घातलीस!"

सिस्टर रडता रडता हसली. आत्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. खिडकीतल्या इतक्या वर्षांचं सार एवढंच होतं: माणूस खोटं बोलतं, सवय खोटं बोलत नाही. ह्या पोरीनं चोरी केली असती, तर चोरीच्या पुडक्यातही पट्टी सापडली असती.

राहिला दादा. तो पुढच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून बसला होता. आत्या आत शिरताच त्यानं टेबलावर झटकन रुमाल टाकला.

"रुमालाखाली काय आहे रे?"

"काही नाही."

"दादा, लहानपणी तू माझी बाहुली मोडलीस तेव्हाही असंच म्हणाला होतास."

दादानं मुकाट्यानं रुमाल उचलला. खाली एक पितळी पेटी होती. त्यानं चावी दिली आणि बारीक, अडखळती धून वाजू लागली. जुन्या घड्याळांचे सुटे भाग जोडून तो नातवंडासाठी पाळण्यावर टांगायची पेटी करत होता. "एक सूर अजून चुकतोय," तो काळजीनं म्हणाला. "कोणाला सांगू नकोस."

आत्यानं कात्री त्याच्यापुढे ठेवली. "ही ओळखतोस?"

दादानं ती उचलली, हलवली. खुळखुळ ऐकताच त्याच्या कपाळाला आठी पडली. आत्यानं पुढचा प्रश्न विचारायच्या आत त्यानं बारीक पेचकस घेतला आणि स्क्रू आवळूनही टाकला. "कुठं ठेवली होती ही? असा सैल स्क्रू माझ्या नजरेला कसा पडला नाही?"

"अरे, वहिनींच्या पुडक्यातला पुरावा होता तो!" आत्या ओरडली, आणि मग हसतच सुटली. कारण दादाही सुटला होता. ही कात्री आज त्याच्या हातात आधी आली असती, तर खुळखुळली नसती.

"पण मग बांधलं कोणी?" दादा म्हणाला. "असं पुडकं बांधणं येरागबाळ्याचं काम नव्हे. मला तर इतक्या वर्षांत जमलं नाही. हं, आपल्या बबडीला मात्र लहानपणी यायचं. तिच्या बाहुल्यांची बाळंतपणं झाली तेवढी ह्या गावात बायकांची झाली नसतील. खेळातल्या चमच्यांचीसुद्धा पुडकी बांधायची पोरगी, पट्टीला कान काढून."

आत्याचं हसू थांबलं. उशाशी ठेवलेली ती खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि खुर्चीपुढचा पाट. काय खुपत होतं ते आता तिला कळलं.

५

भाची बाळंतपणाच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली होती. आत्यानं दार लोटलं, पण कडी लावली नाही.

"बबडे, ह्या खुर्चीवर कोण बसणार गं?"

"बसेल कोणीतरी."

"तुझा नवरा बसला होता मघाशी. पाट त्याला अडचण झाला. तू उंच, मी उंच, सिस्टर उंच. ह्या घरात खुर्चीवर बसल्यावर ज्याचे पाय लोंबकळतात असं एकच माणूस आहे. आणि त्या माणसाची जागा पलंगाच्या पायथ्याशी आहे, हत्यारांच्या टेबलापाशी. मग पाट उशाशी कशाला?"

भाची पोटावरून हात फिरवत राहिली.

"बरं, ते राहू दे. तुला हल्ली वाकता येत नाही, स्टुलावर चढता येत नाही. म्हणजे तू काही ठेवलंस, तर ते कमरेच्या उंचीवरच असणार." आत्यानं तिवईवरच्या पिशवीत हात घातला. टोपडी, दुपटी, लंगोट, आणि सगळ्यात खाली दुहेरी कापडात जपून बांधलेलं, पट्टीला कान काढलेलं एक पुडकं. काखेत कळसा नि गावाला वळसा! "दुसऱ्या कोणी चोरी केली असती, तर मळकी कात्री कशीही कोंबली असती. तू ती सांध्यापर्यंत घासलीस. टोपी घातलीस. बाई, चोरी करताना कोणी इतकं निर्जंतुक राहतं का?"

"फौजदारात मळकी वस्तू घालायची?" भाची एकदम म्हणाली. "माझ्यानं झालंच नसतं, आत्या!"

आणि मग तिला रडूही आलं आणि हसूही.

"मला ठाऊक होतं, आई पुडकी चाचपते. तिला लगेच कळणार. ती हात मागे घेणार आणि सिस्टरला बोलावणार. एवढंच हवं होतं मला. काम सोडायची भाषा करेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं."

"पण का गं? तिच्यासारखा हात साऱ्या मुलखात नाही."

"हाताला नावं ठेवत नाही मी, आत्या. तिचा हात कुठं मोकळा असतो?" भाचीनं डोळे पुसले. "मी लहान असताना तिच्याबरोबर जायची, बाहेर ओट्यावर बसायची. खिडकीतून दिसायची ती. एकदा काम सुरू झालं की तिला घड्याळ दिसतं, पाणी दिसतं, बाळाचं डोकं दिसतं. त्या बाईचा चेहरा तिला दिसत नाही. दिसून चालतच नाही म्हणते ती. चेहरा बघायला दुसरं कोणीतरी असतं. कोणाची आई असते, कोणाची बहीण असते. उशाशी बसून हात धरणारी." तिनं त्या खुर्चीकडे पाहिलं. "गावातल्या प्रत्येकीला तिची सुईण मिळाली आणि तिची आई पण मिळाली. मला सुईण मिळाली की आई मिळणार नाही. मला आई पाहिजे."

"मग सांगायचं नाही का तिला?"

"सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, 'दोन्ही करते.'"

"केलंच असतं," दारातून आवाज आला.

वहिनी उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. मान ताठ आणि डोळे भरलेले. आत्यानं बाकदार चोचीच्या कात्रीचं पुडकं मुकाट्यानं त्यांच्या हाती दिलं. वहिनींनी ते सवयीनं चाचपलं, पट्टीचा कान बघितला, कापडाची घडी बघितली.

"चांगलं बांधलंयस," त्या म्हणाल्या. "गाढवे. माझ्या पोटात गोळा आणलास. तोंड नव्हतं तुला?"

"होतं. तुझ्यासमोर उघडत नाही."

"माझ्यासमोर गावातल्या बायका आपल्या सासूला शिव्या देतात, आणि तुला..." वहिनी पुढे झाल्या, आणि बसलेल्या लेकीचं डोकं त्यांनी उभ्यानंच पोटाशी धरलं. बुटक्या माणसाचा हा एक फायदा असतो, फारसं वाकावं लागत नाही.

"आई, तू काम सोडणार नाहीस ना?"

"हात कोणाचा गेला ते कळलं. संशय फिटला. आता कशाला सोडू? फक्त हे एक सोडते." वहिनींनी नाक ओढलं आणि हाक मारली, "सिस्टर! फौजदार पुन्हा पेटव. सगळी पुडकी सोडून नव्यानं बांध. आणि घाल हो तुझ्या त्या पट्ट्या, प्रत्येकात घाल, मी हसणार नाही."

"आई," भाची अचानक पलंगाची कड धरत म्हणाली. "आई, मला वाटतं..."

वहिनींची नजर सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. मग त्यांनी ती मोठ्या कष्टानं खाली आणली, आणि लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

६

फौजदारानं त्या संध्याकाळी जितक्या तोऱ्यात वाफ सोडली तितक्या तोऱ्यात आजवर कधी सोडली नसेल. कळा संथ होत्या, पहिलटकरणीच्या असतात तशा. पुडकी बांधून, वाफवून, वाळून कधीच तयार झाली आणि बाळ मात्र आपल्या सवडीनं येत राहिलं.

त्याची वाट बघण्यात घर वेडं झालं. सलूनवाल्यानं चहाच्या किटल्यांवर किटल्या वर पाठवल्या आणि भावनेच्या भरात हिरव्या शेवाळाची कबुलीही देऊन टाकली; वहिनींनी खोलीतूनच ओरडून सांगितलं, की तुझा हिशेब बारशानंतर करते. दादाला शेवटी तो चुकणारा सूर सापडला. पांढऱ्या गाडीतला ड्रायव्हर आत येऊन दादाशी गप्पा मारत बसला, आणि जावईबापू इतक्या येरझाऱ्या घालू लागले, की दादानं त्यांना घड्याळाच्या लंबकाची उपमा देऊन गप्प बसवलं.

खोलीत मात्र खरी परीक्षा वहिनींची होती. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, पाय पाटावर, लेकीचा हात दोन्ही हातांत. "सिस्टर, जरा डावीकडून..." त्या सुरू करायच्या, आणि उशीवरून आवाज यायचा, "आई, इकडे बघ." मग त्या इकडे बघायच्या. पहिल्या पहिल्यांदा जड गेलं. नंतर नंतर त्यांनी सिस्टरकडे मान वळवणंच सोडून दिलं. लेकीच्या कपाळावरची कोणती बट घामानं आधी भिजते, ओठ चावताना ती अजून लहानपणासारखाच एक डोळा कसा मिटते, हे सगळं त्या बघत बसल्या. दाराशी गरम पाणी घेऊन उभ्या असलेल्या आत्यानं वहिनींना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि इतकं सुखातही.

उजाडता उजाडता बाळ आलं. मुलगी. आल्या आल्या तिनं असा टाहो फोडला, की बाहेर जावईबापू धाडकन खाली बसले आणि दादानं घाईघाईनं पेटीला चावी दिली.

सिस्टरनं नाळेला चिमटे लावले. मग बाकदार चोचीची ती कात्री उचलली आणि मुठीकडची बाजू वहिनींपुढे धरली.

"बाई, ही तुम्हीच कापा. तुमची नात आहे."

वहिनींनी कात्रीकडे पाहिलं. आधी गुरुबाईंची, मग त्यांची, साऱ्या गावाला आईपासून वेगळं करणारी ती कात्री. आत्याला वाटलं, आता उठतीलच. हाताची बोटं हललीसुद्धा. पण ती बोटं लेकीच्या बोटांत गुंतलेली होती, आणि लेकीनं ती अजून सोडली नव्हती.

"तूच काप, पोरी," वहिनी म्हणाल्या. "माझा हात मोकळा नाही."